सुम नावाचा माणूस

"सुम्ने आलो."

मी दार उघडून "काय काम काढलंत भावजी?" असं विचारायचे आणि तो चपला काढता काढता हेच म्हणायचा. सुम्ने म्हणजे कानडीत सहज, उगीच, काही कारण नाही. म्हैसूरच्या जुन्या मराठी घरांत हा शब्द मिठासारखा सगळ्यात पडतो. सुम्ने बसलो होतो, सुम्ने विचारलं, सुम्ने हसू नका. नवऱ्याच्या नोकरीपायी मी साताऱ्याहून सरस्वतीपुरममध्ये आले तेव्हा शेजारच्या घरातलं हे बोलणं ऐकून मला हसू आवरेना.

"अहो, मराठीत बोला की," मी चिडवायचे.

"हे मराठीच आहे वैनी. तुमचंच स्वल्प सातारी झालंय, त्याला मी काय करू?"

त्याच्या पाच पिढ्या इथे गेल्या होत्या. त्यामुळे मी पाहुणी, तो घरचा. वाद घालून उपयोग नव्हता.

त्याचं नाव मी लिहिणार नाही. तुमच्यातले बरेच जण त्याला ओळखाल, कारण टीव्हीवर पंधरा दिवस दुसरं काही नव्हतंच. तो जिथे पकडला गेला त्या देशाचंही नाव नको, तिथे एका बाईला अजून राहायचंय. आणि खरं सांगू का, टीव्हीवर हार घातलेला जो माणूस तुम्ही पाहिलात तो मला फारसा माहीत नाही. मला माहीत आहेत ती त्याची बोटं. मी फिजिओथेरपिस्ट आहे. त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं तिकडे मोडून आली आणि पुढे सात महिने ती माझ्या हातात होती.

तो पत्रकार होता. कुठे माणसं मेली, की हा बॅग भरून निघालाच. तिकडे एका बोगद्याच्या कामावर आपले मजूर दबून मेले होते, ती बातमी करायला तो गेला. बोगदा लष्कराचा निघाला. परतीच्या रस्त्यावर त्याला आणि त्याच्या तिथल्या ड्रायव्हरला उतरवून घेतलं, आणि आठवड्याने तिथल्या सरकारने जाहीर केलं, की हा हेर आहे.

चौदा महिने तो आत होता. मग एक दिवस अदलाबदल झाली. त्यांचा एक माणूस आपल्या तुरुंगात होता, आपले दोन पोलीस मारलेला. तो तिकडे गेला आणि हा इकडे आला. आमच्या गल्लीत फटाके वाजले, आणि त्याच संध्याकाळी टीव्हीवर एक गृहस्थ ओरडत होते, की एका बातमीदारासाठी खुनी सोडला, त्या पोलिसांच्या बायकांना काय तोंड दाखवणार? मला त्या गृहस्थांचा राग आला. मी टीव्ही बंद केला, पण त्या दोन बायका डोक्यातून गेल्या नाहीत.

पहिल्या दिवशी त्याची आई त्याला माझ्या दवाखान्यात घेऊन आली. मी त्यांना मावशी म्हणते. त्या बाहेर बाकावर बसल्या. मी त्याचा हात टेबलावर घेतला. बोटं चुकीची जुळून आली होती, दोन तर वळतच नव्हती. मी नेहमीसारखं विचारलं, "इथे दुखतंय? इथे? नेमकं कुठे दुखतंय ते सांगा."

त्याचा डावा हात माझ्या तोंडावर इतक्या जोरात आला, की मी स्टुलासकट मागे पडले. ओठ फाटला. उठून बघते तर तो टेबलाखाली, डोकं दोन्ही हातांत घेऊन ओरडतोय, "सांगतो, सांगतो, सांगतो." मावशी धावत आत आल्या. त्यांनी माझं रक्त पाहिलं, लेकाला पाहिलं आणि टेबलाशी खाली बसून त्या त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. मी भिंतीला टेकून ओठाला रुमाल दाबून बसले. मला भीती वाटली होती आणि भयंकर रागही आला होता.

पाऊण तासाने तो म्हणाला, "वैनी, पाया पडतो. मला कानडीत विचारा. तुमचं मराठी नको."

बारा वर्षांत माझी कानडी भाजीवालीपुरती होती. त्याच्यासाठी शिकले. "नोविदेया?" म्हणजे दुखतंय का. "साका?" म्हणजे पुरे का, "साकु" म्हणजे पुरे. मी चुकले की तो मला सुधारायचा, आणि एकदा मी "बोट" म्हणायला गेले आणि भलताच शब्द तोंडून गेला, तेव्हा तो आल्यापासून पहिल्यांदा हसला. शेकासाठी गरम मेणात हात बुडवून बसलेला असताना मग तो थोडं थोडं सांगू लागला. स्वतः मात्र आपल्या त्या खिचडीतच बोलायचा.

तिकडे चौकशीला एक दुभाषा होता. पडद्याआड बसायचा, तोंड कधी दिसलं नाही. कुठे शिकला होता कोण जाणे, पण मराठी अगदी पुस्तकातलं, माझ्यापेक्षाही स्वच्छ. "कृपया हात टेबलावर ठेवा" असं म्हणायचा. मग दुसरा कोणीतरी हातोडी घ्यायचा.

तर झालं होतं असं. हा रोज आईला मोबाइलवर निरोप लिहायचा, इंग्रजी अक्षरांत, आपल्या मराठीत. आज सुम्ने बोगदा बघितला. सुम्ने फोटो काढले. सुम्ने फोन केला होता, तू उचलला नाहीस. त्या दुभाष्याला कानडी येत नव्हती. त्याने काय वाचलं असेल, बघा. रामने फोटो काढले, तसं सुमने फोटो काढले. सुमने फोन केला होता. चाळीस निरोपांत चाळीस वेळा हा सुम. म्हणजे सगळं घडवून आणणारा एक माणूस आहे, त्याचं गुप्त नाव सुम, आणि हा हेर त्याच्या हाताखाली काम करतो.

"सुम कोण?" रोज हाच प्रश्न.

ऐकताना पहिल्यांदा मला हसू आलं. खोटं कशाला बोलू, फुटलंच. तोही हसला. मग म्हणाला, "मीपण हसलो होतो वैनी. पहिलं बोट त्याच दिवशी गेलं."

त्याने परोपरीने सांगितलं. हा कानडी शब्द आहे, कानडी येणारा माणूस बोलवा, आईला फोन लावा. त्यांच्या कागदावर मातृभाषा मराठी लिहिलेली. मराठी माणूस कानडी शब्द का वापरेल? लपवायचं असल्याशिवाय? दुसरं बोट गेलं. तिसरं गेलं. एकोणिसाव्या दिवशी चौथं टेबलावर ठेवलं तेव्हा तो ओरडला, की सुम म्हणजे माझा ड्रायव्हर.

"तो का?" मी विचारलं.

"तिथलं दुसरं नाव मला माहीतच नव्हतं."

हा मांस खात नाही म्हणून तो ड्रायव्हर घरून उकडलेले बटाटे आणायचा. फडक्यात बांधून, बायकोने मीठ लावलेले. हे सांगताना त्याने मेणातला हात उचलून भिंतीवर आपटला, एकदा, दोनदा, तीनदा. मेणाच्या कपच्या खोलीभर उडाल्या. मी मागून मिठी मारून त्याला धरलं नसतं तर माझी दोन महिन्यांची मेहनत त्या दिवशीच गेली असती.

ड्रायव्हरला फाशीची शिक्षा झाली होती. अपील बाकी होतं. अदलाबदलीची यादी करताना ह्याने आपल्या लोकांना विचारलं होतं, त्याचं काय? उत्तर मिळालं, की तो त्यांचा नागरिक आहे. प्रत्येक जण आपापली माणसं मागतो. त्याच्याच सरकारने त्याला धरलेला, मग त्याला मागणार कोण?

म्हणून हा पिसाळला होता. मतदारयादीवाला दारात येऊन घरातल्यांची नावं विचारू लागला, तर ह्याने त्याची कॉलर धरून त्याला जिन्यावरून खाली ढकललं. बिचाऱ्याचा दात पडला. मावशींनी हातापाया पडून ते प्रकरण मिटवलं. बन्नूरच्या बसमध्ये एकाने ओळखून पाठीवर थाप मारली, तर त्याचं डोकं ह्याने खिडकीच्या दांडीवर आपटलं. आम्ही सगळे समजून घेत होतो. किती दिवस घेणार होतो, देव जाणे.

मग सत्कार ठरला. मैदानावर मांडव, डोक्यावर पेटा, म्हणजे म्हैसुरी फेटा, खांद्यावर रेशमी शाल. पुढाऱ्यांची भाषणं झाली, ह्याच्या हातात माइक आला. हा कानडीत म्हणाला, "माझा ड्रायव्हर आत आहे. त्याने काही केलं नाही. मी..." एवढ्यात आयोजकाने हसत हसत माइक काढून घ्यायला हात घातला. ह्याने त्याच माइकने त्याच्या कपाळावर हाणलं. ठण्ण असा आवाज सगळ्या मैदानाने ऐकला. आयोजक रक्ताने माखला आणि बँडवाल्यांना वाटलं कार्यक्रम संपला, त्यांनी वाजवायला सुरुवात केली. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, की पत्रकार भावनावश झाले.

त्याच दुपारी दिल्लीचे एक अधिकारी त्याच्या घरी आले. सज्जन होते, मावशींची कॉफी प्यायले, दोनदा मागून. मग म्हणाले, तुमच्यासारखा आपला आणखी एक जण तिथे तुरुंगात आहे. त्याची बोलणी शेवटच्या टप्प्यात आहेत. तुम्ही छळाबद्दल जाहीर बोललात, तर ती मोडतील. तो सुटेपर्यंत गप्प राहा.

दुसऱ्या दिवशी तो माझ्याकडे आला. ड्रायव्हरच्या अपिलाची सुनावणी जवळ आली होती. त्याला माझ्या मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर सगळं बोलून तो व्हिडिओ जाहीर करायचा होता. आपण खोटं नाव सांगितलं, सुम नावाचा माणूस जगात नाही, असं. त्याने खुर्ची ओढली, केस नीट केले. म्हणाला, "धरा मोबाइल."

मी मोबाइल धरला नाही. मी म्हणाले, "थांबा थोडं. तो दुसराही कुणाचा तरी मुलगा आहे. तो सुटू दे, मग बोला. अपील काय, वर्षानुवर्षं चालतात."

मला काय माहीत होतं तिथल्या अपिलांबद्दल? काहीही नाही. पण मी मोठ्या समजूतदारपणे बोलले आणि त्याने ऐकलं. बहुतेक त्यालाही कुणीतरी असं सांगायला हवं होतं.

तो तीन आठवडे थांबला. आपला दुसरा माणूस सुटला, त्याच्याही गावात हार झाले. त्याच्या सुटकेच्या आदल्या दिवशी पहाटे तिकडे ड्रायव्हरला फाशी दिली. पेपरात आतल्या पानावर दोन ओळी होत्या. सुम नावाने वावरणारा हेर, असं लिहिलं होतं.

दुपारी हा दवाखान्यात आला. कोणी पेशंट नव्हतं. मी पेपर वाचला होता, मला रडू आलं. तो समोर बसला आणि म्हणाला, "हात द्या." मला वाटलं धरून रडायचंय. दिला.

"मला थांबवायला तुम्हाला कोणी सांगितलं?"

मी दचकले. मराठी, आणि ते त्याचं नव्हतं. एकही कानडी शब्द नाही, सगळं घासूनपुसून लख्ख.

"कोणी नाही भावजी. मी आपली सहज म्हणाले."

"नाव सांगा." त्याने माझी करंगळी मागे वाकवली. जी बोटं वळावीत म्हणून मी सात महिने झटले, ती आता छान वळत होती.

"अहो, खरंच कोणी नाही. भावजी, साकु, साकु..."

"त्या अधिकाऱ्याचा फोन आला होता?"

"नाही हो!"

"नाव."

करंगळी किती मागे जाते ते मला माहीत आहे, तो माझा धंदा आहे. ती त्याच्या पलीकडे गेली. कट असा आवाज झाला. माझ्या डोळ्यांपुढे पांढरं झालं आणि तो पुढच्या बोटाकडे वळला. मी किंचाळले, "मावशी! मावशींनी सांगितलं! माझ्या मुलाला थांबव म्हणाल्या!"

त्याने हात सोडला.

मावशींनी मला एक अक्षर सांगितलं नव्हतं. त्यांना त्या अपिलाचं माहीतसुद्धा नव्हतं. हे त्यालाही ठाऊक होतं.

मग त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि हलकेच म्हणाला, "दोन मिनिटंपण झाली नाहीत वैनी." त्याचाच आवाज होता तो. कपाटातून चिकटपट्टी काढून त्याने माझी करंगळी शेजारच्या बोटाला बांधली, व्यवस्थित, मी शिकवलं होतं तशी. बांधताना तो रडत होता. मग तो गेला.

ड्रायव्हरच्या बायकोला सगळं स्वतःच्या तोंडाने सांगायला जातो, अशी चिठ्ठी आईला लिहून ठेवून त्याच दिवशी त्याने म्हैसूर सोडलं. सरहद्दीजवळच्या एका गावातून मावशींना त्याचा एक फोन आला. त्याला आता दीड वर्ष होईल. ह्या वेळी कुणी त्याला धरल्याचंही जाहीर केलेलं नाही, त्यामुळे अदलाबदलीची कुठली यादीही नाही.

मावशी दर गुरुवारी गुडघ्यांसाठी येतात. माझी करंगळी वाकडी जुळली. त्यांनी पहिल्यांदा पाहिली तेव्हा विचारलं, "अय्यो, बोटाला काय झालं ग?" मी म्हणाले, दारात सापडलं. तेव्हापासून त्या येताना वाटीत खोबरेल तेल घेऊन येतात. मी त्यांचे गुडघे दाबते आणि मग त्या माझं बोट मांडीवर घेऊन चोळत बसतात. म्हणतात, "तो आल्यावर रागवेल ग मला, वैनीकडे लक्ष दिलं नाहीस म्हणून." मी हात काढून घेत नाही. त्या दिवशी मी त्यांचं नाव घेतलं होतं, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.