राहून गेलेली हाक

मला घासाघीस जमत नाही. लाज वाटते म्हणून नव्हे, राग येतो म्हणून. दुकानदार एक भाव सांगतो, तो खरा नाही हे त्याला ठाऊक, मलाही ठाऊक, मग हा तमाशा कशाला? खरं काय ते एकदाच सांग ना बाबा, म्हणजे मी घेईन नाहीतर चालू लागेन. दिल्लीत तीस वर्षं सरकारी नोकरी केली, गाझियाबादला घर झालं, हिंदी अशी की ऑटोवाले मला इथलीच समजतात, पण ही एक विद्या काही अंगी आली नाही.

दोष माहेरचा. पुण्यात आमच्या घरी कुठलीही गोष्ट दुसऱ्यांदा विचारणं म्हणजे लाचारी. वडील एकदा नाही म्हणाले की विषय संपला. आई त्यांच्याहून वरचढ. ‘मोडेन पण वाकणार नाही’ हे आम्ही इतक्या तोऱ्यात म्हणायचो की मोडतं नक्की कोण, याची चौकशी कधी कोणी केली नाही. ‘बरं, मग असं करूया का?’ हे वाक्य त्या घरात ऐकल्याचं मला आठवत नाही.

माझ्या एकुलत्या एक मुलीनं इथलाच एक पंजाबी मुलगा पसंत केला. मला तो आवडला, खोटं कशाला बोलू. त्याची आईही आवडली. माझ्याच वयाची, मोठ्यानं हसणारी. बोलणी व्हायच्या आधीच ती मला हौसेनं करोल बागेत घेऊन गेली, होणाऱ्या सुनेला साडी घ्यायला. तिथे तिनं दुकानदाराला असं काही पिळलं की मला मेलीला कुठे तोंड लपवू असं झालं. शेवटी ‘रहने दो भैया’ म्हणून ती उठली आणि बाहेर पडली. सुटले बाई, म्हणत मी भराभरा चालायला लागले. बऱ्याच पुढे जाऊन वळून बघते तर ही अजून पायऱ्यांवरच. पर्स उघडली, चष्मा पुसला, एक पायरी उतरली. आतून हाक आली तशी परत दुकानात! साडी घेऊन आली आणि मला म्हणाली, तुम्ही खरंच निघून गेलात? घरी आल्यावर मी हा किस्सा नवऱ्याला अगदी साभिनय सांगितला. शहाणपण मात्र काडीचं घेतलं नाही.

महिन्याभरानं, एका रविवारी दुपारी, ती मुलाला घेऊन बोलणी करायला आमच्याकडे आली. माझं एकच मागणं होतं. लग्न दुपारच्या मुहूर्तावर, अंतरपाट धरून, सगळ्यांसमोर मंगलाष्टकं म्हणून. बाकी सारं त्यांच्या मनासारखं. तिनं सांगितलं, आमच्यात लग्न रात्री लागतं, मंगलाष्टकं हवीत तर आदल्या दिवशी तुमच्या घरी म्हणून घ्या. म्हणून घ्या! जशी काही परवचाच. मी म्हटलं, असं असेल तर नाही जमायचं. नवरा चहाचं बघायला आत गेला. त्याला अशा वेळी नेमका चहा आठवतो. मग ती उठली.

“तो फिर रहने दीजिए, बहनजी.”

दाराशी जाऊन ती सँडल घालायला वाकली. पट्टा लावला, काढला, पुन्हा लावला. मी सोफ्यापाशी उभी, मान ताठ. मनात म्हटलं, बाई स्पष्ट बोलली, बरं झालं, एक घाव दोन तुकडे. मुलानं माझ्या मुलीकडे बघितलं, मुलीनं माझ्याकडे. मी हात जोडून नमस्ते म्हटलं. दार लागलं.

“आई, यार, ती थांबली होती,” मुलगी म्हणाली. “एक सँडल घालायला इतका वेळ लागतो का कोणाला? तू फक्त ‘बसा’ म्हणायचं होतंस.”

मी तिच्यावरच ओरडले. पण त्याच क्षणी मला करोल बागेतल्या त्या पायऱ्या दिसल्या होत्या. चूक कळली होती. पण फोन करायचा म्हणजे मी दुसऱ्यांदा विचारायचं. किती दिवस फोन हातात घेऊन घरभर फिरले, गॅलरीतून स्वयंपाकघरात, पुन्हा गॅलरीत. मुलाच्या आईचं नाव काढायचं आणि फोन ठेवून द्यायचा. भाजी करपायची, कुकरच्या शिट्ट्या चुकायच्या. नवरा म्हणाला, मी करतो फोन. मी म्हटलं, खबरदार. तिकडे तीही वाट बघत होती, हे नंतर कळलं. नाही मी म्हटलं होतं, तेव्हा पुढचा शब्द मीच टाकायला हवा, असं तिचं म्हणणं. तुटेपर्यंत ताणू नये हे ज्ञान मी आयुष्यभर लोकांना वाटत आले, आणि स्वतः काय केलं तर हे.

दोन महिन्यांनी मुलांनी तिघा मित्रांना साक्षीला घेऊन रजिस्टर लग्न केलं. मुहूर्त नाही, वरात नाही. संध्याकाळी फोनवर फोटो आला. मुलीनं करोल बागेतली तीच साडी नेसली होती. निऱ्या वरखाली, पदर घसरलेला. नेसवायला कोणी नव्हतं ना. तो फोटो मोठा करून मी त्या निऱ्यांकडे बघत राहिले आणि खूप रडले.

आता मुलगी महिन्यातून एखाद्या रविवारी येते, अर्धा तास बसते. परवाही आली. मी म्हटलं, वाळलीस. ती म्हणाली, सुरू नको करू. मी म्हटलं, मग मी या घरात तोंडच उघडायचं नाही का? झालं. चलो, निघते, म्हणून ती उठली.

दाराशी वाकली. पट्टा लावला. काढला. मला सगळं कळत होतं. ‘बस गं’ एवढंच म्हणायचं होतं. वडील, आई, माहेरची ती अख्खी ताठ मानेची मंडळी घशात येऊन बसली होती. तिनं पट्टा पुन्हा लावला.

“मी जा म्हटलं का तुला?” मी वसकन बोलले.

तिनं वर बघितलं. “थांब असंही म्हटलं नाहीस.”

“नाही म्हटलं,” मी म्हणाले, आणि दुखऱ्या गुडघ्यांनिशी खाली बसून तिच्या सँडलचा पट्टा सोडायला लागले.