रांगेकडं तोंड केलेला बोर्ड

अमरेशला मोजमापाचा भारी नाद. दूध संस्थांना फॅट मोजायची यंत्रं बसवून द्यायचा धंदा त्यानं कोल्हापुरात काढला होता. पण यंत्र बसवलं, पैसे घेतले आणि निघाला, असं त्याचं नव्हतं. माणसं कुठं बघतात, कुठं अडखळतात, रांग कशानं तुंबते, सगळं टिपून ठेवायचा. बायकोसुद्धा मोजूनमापूनच करणार, अशी आम्ही त्याची टिंगल करायचो.

दोन हजार एक साली त्यानं जयसिंगपूरजवळच्या आमच्या गावात, म्हणजे स्वतःच्याच गावात, लाल आकड्यांचा बोर्ड आणला. दूध घातलं की लिटर आणि फॅट लगेच बोर्डावर. बोर्डाचं तोंड घालणाऱ्याकडं ठेवायचं की मागच्या रांगेकडं, एवढंच ठरायचं होतं. अमरेशनं दोन्ही करून बघितलं. रांगेकडं तोंड केल्यावर गावाची सरासरी फॅट चढली. चारचौघांदेखत आकडा दिसल्यावर पाणी घालायला माणूस कचरतो, असा त्यानं अर्थ लावला. दूध संस्थेचे अध्यक्ष बाळासो खूश. बोर्ड तसाच पक्का झाला.

बसम्मा ही गल्लीतली एकटी म्हातारी. एका म्हशीवर तिचं घर चालायचं. अमरेशची आई लवकर गेली, तेव्हा यानं हिच्याच चुलीपुढं भाकरी खाल्लेली. तिला तो अव्वा म्हणायचा, म्हणजे आई. तिची फॅट पहिल्यापासून कमी. पण ती तिच्यापुरती होती. आता सगळ्या रांगेला दिसू लागली.

"म्हातारे, म्हस नळाला बांधतीस काय?" एकजण ओरडला आणि रांग खिदळली. रोजच खिदळू लागली. ते दात आठवले की आजही माझं डोकं फिरतं. बसम्मा यायची बंद झाली. तिच्या मागोमाग आणखी काही बायका.

अमरेश बोर्ड बसवून कोल्हापूरला परतलेला, त्याला हे फार उशिरा कळलं. सरासरी कशानं चढली हे बघायला त्यानं एकेक नाव तपासलं. दूध कुणाचंच सुधारलं नव्हतं. कमी फॅटवाल्या बायकाच गळाल्या होत्या. तो तसाच बाळासोकडं गेला, बोर्ड फिरवा म्हणाला.

"आकडा चढलाय न्हवं? मग? चार गावांनी तसाच बोर्ड मागितलाय," बाळासो म्हणाले.

मग तो बसम्माच्या दारात गेला. गोठ्यात नुसतं रेडकू होतं, बरगड्या निघालेलं.

"अव्वा, म्हस कुठाय?"

"इकली. घेणारा म्हणाला, रेडकू नगं."

"अव्वा, दुधात पाणी घालत हुतीस?"

"पाणी?" म्हातारी म्हणाली. " शेवटच्या धारा रेडकाला सोडायची मी. आमच्यात सगळं पिळून घेत न्हाईत."

साय, म्हणजेच फॅट, त्या शेवटच्या धारांतच जास्त असते. अमरेश लहान पोरासारखा रडू लागला.

"अव्वा, मला बोलली का न्हाईस?"

"तू गावात आलास की यंत्रापाशीच असायचास की रं," ती म्हणाली. "एकदा तरी इचारलंस?"