मामेसासऱ्यांची राई

आख्ख्या कोल्हापूर जिल्ह्यात माणसांवर खेकसणारा आणि झाडांशी अदबीनं बोलणारा एकच गृहस्थ असेल, आणि तो नेमका मामेसासरा म्हणून माझ्या वाट्याला आला. मामांचं गाव पन्हाळ्याच्या पल्याड, गावामागं देवराई. किती जुनी, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "म्हाताऱ्या माणसांचं वय इचारत न्हाईत, पावणं." एरवी मामांचा आवाज असा, की ते घरात चहा मागायचे आणि शेजारीण आधण ठेवायची. राईत शिरले की मात्र चपला हातात आणि बोलणं कुजबुजत. लग्नानंतर मला तिथं नेलं ते राई दाखवायला नव्हे, राईला दाखवायला. एकेका झाडापुढं उभं करून, "हे आमचं जावई. बँकेत हायती," अशी ओळख करून दिली. एका अवाढव्य जांभळीला मी चक्क हात जोडले. "वाकून करा की!" मामांनी दटावलं.

राईतून वाळकी काडीसुद्धा बाहेर न्यायची नाही, हा रिवाज साऱ्या गावाचा. मामा तो पार कुसळापर्यंत नेत. बाहेर पडताना सगळ्यांचे खिसे उलटे करायचे. एकदा पन्हाळ्यावर मिसळ खाताना त्यांना माझ्या पँटीला चिकटलेलं कुसळ दिसलं. रस्सा तसाच टाकून आम्ही माघारी.

"अहो मामा, कुसळ आहे ते!"

"तुमास्नी कुसळ. त्या गवताचं पोरगं हाय ते!"

यंदा मामांचे गुडघे धरले. मे महिना सरत आला की राईतल्या जुन्या आंब्याच्या वाकलेल्या फांदीवर सीतेची वेणी नावाचं ऑर्किड फुलतं, गुलाबी-जांभळ्या ठिपक्यांचा हातभर घोस लोंबतो. तो पाहिल्याशिवाय मामांचं एकही वर्ष गेलं नव्हतं. कधी नव्हे तो फोनवर आवाज खाली आणून म्हणाले, "पावणं, माज्या बदली एवढं बघून या. आन् कशी फुललीया, मला सांगा."

सांगण्यापेक्षा दाखवूच की, असं माझ्या सुपीक डोक्यात आलं. म्हातारा केवढा खूश होईल! घोस तोडला, ओल्या रुमालात गुंडाळला आणि गड जिंकल्याच्या थाटात मामांच्या कॉटवर उलगडला.

"आवं, काय केलासा हे!" मामींनी तोंडाला पदर लावला.

मामा ओरडले असते तर बरं झालं असतं. ते हळूच म्हणाले, "असू दे. पावणं हायती." इतक्या वर्षांत 'पावणं' हा शब्द मला पहिल्यांदाच लागला.

बराच वेळ त्यांनी घोसाला हात लावला नाही. मग म्हणाले, "बरं, तोडायच्या आदी कशी दिसत हुती? तेवढं तरी सांगा की. ऊन पडलं हुतं का तिच्यावर?"

मी तोंड उघडलं. मला आठवत होती फक्त देठाची ती जागा, जिथून ती चटकन मोडली. मामा माझ्याकडं बघत वाट पाहत राहिले.