मामांच्या टिपा आणि बाळूअण्णांचा कान

आमच्या मामांनी आयुष्यात एकही वाक्य सरळ शेवटापर्यंत नेलेलं नाही. वाक्याच्या अर्ध्यावर त्यांना एखादी शंका भेटते आणि ते तिच्याबरोबर निघून जातात. बेळगुंदीच्या बाईकडून रताळी घेताना "हे वाण तुमच्यात आणलं कुणी?" इथून सुरू होऊन ते तिच्या सासूच्या माहेरापर्यंत पोचतात, रताळी टोपलीतच राहतात आणि मामींना उपासाला वरीचे तांदूळ शिजवावे लागतात. माझ्या साखरपुड्याला निपाणीला येताना कंडक्टरनं कन्नडमध्ये कुठल्याशा जुन्या विहिरीची गोष्ट अर्धवट सांगितली, म्हणून हे वाटेत संकेश्वरलाच उतरले. जेवणं उरकून पाहुणे पान खात बसले होते, तेव्हा उगवले आणि नवऱ्यामुलाला पहिलाच प्रश्न टाकला, "तुमच्यातल्या विहिरीला पायऱ्या हायत काय?" माझा नवरा अजून त्यांना बिचकून असतो.

शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झाल्यावर मामांनी खासबागेतल्या घरी बसून शहापूर-वडगावच्या हातमागांचा इतिहास लिहिला. मजकूर बेताचा, टिपा भरमसाट. लग्नानंतर मी जवळच, कॅम्पात राहायला आल्यामुळे टायपिंग माझ्या गळ्यात पडलं. "मामा, ह्या टिपा वाचणार कोण?" मी वैतागून विचारलं. "बाळू वाचणार," ते शांतपणे म्हणाले. बाळूअण्णा म्हणजे त्यांचे वडगावचे बालमित्र. सगळी हयात मागावर गेली आणि उतारवयात साखरेच्या आजारानं दृष्टी गेली. तेव्हापासून मामा रोज संध्याकाळी त्यांच्याकडे जाऊन काही ना काही मोठ्यानं वाचून दाखवत. पाऊसपाणी, पैपाहुणे, काहीही असो, त्या नेमात खंड नव्हता. पण नेमक्या याच पुस्तकाला अण्णा अडून बसले. लेकीनं त्यांच्या लॅपटॉपवर स्क्रीन रीडर घालून दिला होता, म्हणजे पडद्यावरचं सगळं बोलून दाखवणारी सोय. "तू वाचतोस तवा पुस्तक कमी आणि तूच जास्त ऐकाय लागतोस," ते मामांना म्हणाले. "आमच्या मागाचं पुस्तक हाय. माझं मला वाचू दे."

थोड्या दिवसांनी मामा आणि मी विचारपूस करायला गेलो, तर अण्णा पहिल्याच प्रकरणात. "वाक्याच्या मधीच एक आकडा म्हणतंय," ते म्हणाले. "टीप असंल म्हणून बटण दाबत दाबत पार शेवटाला गेलतो. टीप गावली. पर मी आलतो कुठनं, ते कसं गावायचं? मग परत पहिल्यापासनं." पुस्तकात आकडे नुसते बारीक करून वर चढवलेले होते आणि टिपा सगळ्या शेवटी. डोळ्यांना ते पुरतं. एक बोट पानात ठेवून मागं पाहून येता येतं. अण्णांच्या कानाला असं बोट नव्हतं. पण त्यांचा खरा राग वेगळ्याच गोष्टीवर होता. "एवढ्या लांब गेलो, तर टिपेत एकच शब्द. तत्रैव. म्हंजे काय रं?"

"तिथंच. वरच्या टिपेत जे पुस्तक सांगितलंय, तेच."

"आणि वरच्या टिपेत काय हाय?"

मामांनी जरा आठवून सांगितलं, "तत्रैव."

दुसरा कुणी लेखक असता तर रुसला असता. मामांचे डोळे चमकले, कारण एवढी नवी शंका त्यांना कित्येक दिवसांत भेटली नव्हती. दुसऱ्या दिवशी मी खासबागेत गेले, तर हे डोळ्यांना टॉवेल बांधून, कानाला हेडफोन लावून स्क्रीन रीडरवर स्वतःचंच पुस्तक ऐकत बसलेले. "सकाळधरनं संदर्भसूचीत अडकल्यात, बाहेरच येईनात," मामी म्हणाल्या. टॉवेल सोडल्यावर मामांनी मला कामाला जुंपलं. उघड्या आकड्याच्या जागी ‘टीप तीन’ असा बोलका दुवा, तो दाबला की थेट टीप, टिपेच्या शेवटी ‘मजकुराकडे परत’, आणि तत्रैव जिथं जिथं होतं तिथं पुस्तकाचं पूर्ण नाव. पहिल्या खेपेला माझे परतीचे दुवे प्रकरणाच्या सुरुवातीला जाऊन पोचायचे. अण्णा म्हणाले, "पोरी, वेशीपर्यंत आणून सोडलंस. आता घरापर्यंत सोड की."

तेही जमलं. त्या संध्याकाळी अण्णा कानाला हेडफोन लावून वाचत होते आणि आम्ही त्यांच्या बोटाकडे पाहत बसलो होतो. बोट थांबलं, पुन्हा चाललं, आणि अण्णा एकटेच खुदकन हसले. मामांना राहवेना. "कुठली टीप रं? माडीवरच्या मागाची? आरं, त्याची एक गंमत…"

"गप बस जरा," अण्णा म्हणाले. "वाचतोय."

मामांनी ती गंमत तशीच ठेवली आणि ते पुन्हा अण्णांच्या बोटाकडे पाहू लागले.

हल्ली संध्याकाळच्या त्या वाचनाच्या वेळेला मामा कधीकधी माझ्याकडे येतात. परवा आले तेव्हा मी विचारलं, "वडगावला न्हाय गेला?"

"गेलतो गं. वाचत बसलावता. मान पण वर करंना. दारातनंच आलो." चहा घेता घेता त्यांनी पिशवीतून एक जाडजूड पुस्तक काढून माझ्यापुढे ठेवलं. "त्याचं ते संपत आलंय. आता हे तसं करून देऊया. ह्यातबी टिपा लई हायत."

मी म्हटलं, "मामा, हे तुम्हीच वाचून दाखवा की. पयल्यासारखं."

मामांनी कप खाली ठेवला. पुस्तक उघडून त्यांनी पहिलं पान माझ्याकडे फिरवलं. "नको गं," ते म्हणाले. "एकटा वाचताना लई खूश दिसतो तो."