हळदीच्या वाफेची बातमी

कुरुंद्यात थापा मारण्यात माझा हात धरणारा कोणी नव्हता. विहिरीतून मगर काढली म्हणालो तरी लोक निदान तिची लांबी विचारायचे. पण कोरोनाचं दुसरं साल आलं अन् टीव्हीवरच्या कोटवाल्यांनी माझं दुकानच बंद पाडलं. ते माझ्यापेक्षा मोठ्यानं फेकायचे, तेही रात्रंदिवस. अन् त्यांच्या अंगावर कोट होता.

एक कोटवाला म्हणाला, हळद घ्या, वाफ घ्या. आमच्याकडं नेमके हळद शिजवायचे दिवस. माझ्या काकांच्या शेतात हळद शिजवायचा कुकर धडधडत होता, त्याच्या एकेका ड्रममधून पावसाळ्याला पुरतील एवढे ढग निघत होते. मग काय, अर्धं गाव डोक्यावर पांघरूण घेऊन कुकरभोवती मांडीला मांडी लावून बसू लागलं. खोकणारे पुढं, कारण त्यांना गरज जास्त.

कुठल्याशा वाहिनीचा कॅमेरावाला आला. कुकर काकांचा, म्हणून माईकही त्यांच्याच तोंडापुढं. काका छाती काढून म्हणाले, आमच्या गावात कोरोना शिरतच न्हाई. हे इतक्यांदा दाखवलं की काकांच्या मिशा साऱ्या देशाला पाठ झाल्या असतील. दुसऱ्या दिवशी आजूबाजूच्या गावांतून जीपा भरभरून माणसं वाफ घ्यायला आली.

थोड्याच दिवसांत काकांना दम लागू लागला. दवाखान्यात चला म्हणून काकू रडली, आशाताई दोनदा येऊन गेली. काका खाटेवर धापा टाकत एकच म्हणायचे, टीव्हीवर तसं बोलून आता कोणत्या तोंडानं जाऊ? आजच्या आज भरती करा, असं डॉक्टरांनी फोनवर सांगितलेलं मी काकांना जसंच्या तसं सांगितलं.

"तुझं कवा खरं असतंय, लेका?"

बोलताना त्यांचे ओठ निळे पडू लागले, तेव्हा मी म्हणालो, "काका, टीव्हीवाले वसमतच्या दवाखान्यात आलेत. तुमालाच हुडकून राहिलेत."

काका उठले. काकूकडून धुतलेली टोपी मागून घेतली. जीपमध्ये मिशा सारख्या केल्या. दवाखान्याच्या फाटकात माझ्या खांद्याला धरून उभे राहिले अन् इकडंतिकडं बघू लागले.

"कुठंयत रे?"

"आत हायत."

ते आत गेले. मला फाटकातच अडवलं. काका परत आले नाहीत, अन् ते गेल्याचं कुठल्याच वाहिनीनं सांगितलं नाही. जन्मभर फुकटच्या थापा मारल्या मी. ही एक आठ दिवस आधी सुचायला काय झालं होतं?