मीठ पडलं

आमच्या लहानपणी कल्याणात लग्न ठरलं की माणसं आधी भटजींकडे जायची आणि तिथून तडक आमच्या घरी. भटजींनी काढून दिलेल्या मुहूर्तांपैकी कुठल्या दिवशी माझे वडील मोकळे आहेत ते बघायचं, बाकीचे मुहूर्त आपोआप बाद! पंचांग भटजींचं, पण शेवटचा शब्द आचाऱ्याचा. भटजी यावर धुसफुसायचे. पण पंगतीला बसले की तेही मसालेभात दोनदा मागून घ्यायचे, त्यामुळे त्यांचा राग फार टिकायचा नाही.

आता टीव्हीवर उंच टोप्या घालून स्वयंपाक करणारी माणसं प्रसिद्ध होतात, लोक त्यांच्या सह्या घेतात. बाबांची सही कधी कोणी घेतली नाही. पण ते टिटवाळ्याला एखाद्या मुंजीसाठी उतरले की स्टेशनाबाहेरचा टांगेवाला विचारायचा, "काका, आज कोणाकडे?" आणि दुपारी त्याच घरी तो 'सहज' डोकवायचा. मला वाटतं, प्रसिद्धी म्हणतात ती हीच.

बाबा कोकणातून पोरवयात आलेले. गिरगावात एका खानावळीत भांडी घासता घासता स्वयंपाक शिकले आणि मग कल्याणात येऊन स्थिरावले. स्वातंत्र्य आलं तरी रेशन काही गेलं नव्हतं. तांदूळ मोजका, साखर मोजकी. त्या टंचाईतही त्यांच्या पंगतीतून कोणी अर्धपोटी उठलं, असं कधी ऐकलं नाही.

त्यांचा एक नियम होता. भाजी कोणी चिरावी, कणीक कोणी मळावी, जिलेबी कोणी पाडावी, हे सगळं ते मदतनिसांवर सोडत. मीठ मात्र प्रत्येक भांड्यात स्वतःच्या हाताने. नैवेद्य व्हायच्या आधी चव घ्यायची सोयच नव्हती, म्हणून सगळा भार हातावर. खाडीकडच्या मिठागरातलं जाडं, करडं मीठ ते मुठीत घेत, पातेल्याकडे क्षणभर बघत आणि सोडत. "मीठ मोजायचं नसतं," ते म्हणायचे, "हात थांबतो तिथे थांबायचं." आणि मग खणखणीत आवाजात आरोळी ठोकायची, "मीठ पडलं!" हेतू साधा होता, चुकून दुसऱ्या कोणी परत घालू नये. पण ती आरोळी मांडवापर्यंत ऐकू यायची आणि लोक पाट शोधायला लागायचे.

पंगत उठली की बाबा एकटेच उष्ट्या पानांवरून फिरायचे. पानाच्या वरच्या टोकाला वाढलेलं मीठ जसंच्या तसं राहिलेलं दिसलं पाहिजे. एखाद्या पानावर ते विस्कटलेलं दिसलं तर त्या दिवशी बाबा घरी कोणाशी बोलत नसत. आई म्हणायची, "अहो, एखाद्याला खारट आवडत असेल!"

याच मिठापायी त्यांनी हॉटेल काढायचं नाकारलं. डोंबिवलीत नवी वस्ती वाढत होती, ठाण्यात तर होतीच. भांडवल घालायला दोघे-तिघे तयार होते. बाबांचं एकच, "हॉटेलात दिवसभर चुली पेटलेल्या. प्रत्येक भांड्याला मीठ मी कुठून घालणार?" दुसऱ्याच्या हातावर त्यांचा विश्वासच नव्हता. थोर माणूस, पण या बाबतीत हटवादी. हे मी लेक म्हणून सांगते आहे, आणि हा गुण माझ्यातही पुरेपूर उतरला आहे.

मी एकुलती एक. मला त्यांच्या चुलाणांशेजारी उभं राहायचीही बंदी होती. "धुरात माझा जन्म गेला, तुझा जायला नको. तू मॅट्रिक हो," म्हणायचे. लोकांनी मला आचाऱ्याची पोर म्हणून ओळखू नये, असं त्यांना मनापासून वाटत होतं. मला नेमकं तेच म्हणवून घ्यायचं होतं! मी दाराआडून बघायची. त्यांची मूठ कशी भरते, मनगट कसं वळतं, कुठे थांबतं. ते कामावर गेले की घरच्या आमटीत आईच्या नकळत मीठ घालायची आणि तोंडातल्या तोंडात म्हणायची, मीठ पडलं.

मॅट्रिक झाले आणि माझं लग्न ठरलं. ठाण्याचं घर, नोकरदार, बऱ्यापैकी शिकलेलं. त्यांच्याकडच्या कोणीतरी बैठकीत म्हणून गेलं होतं, "आचाऱ्याची मुलगी, निदान जेवण तरी चांगलं मिळेल." सगळे हसले, बाबाही हसले. पण ते शब्द त्यांच्या मनात रुतून बसले होते. त्या लग्नातलं जेवण बिघडलं असतं, तर ते पुन्हा चुलीपुढे उभे राहिले नसते, हे आईलाही ठाऊक होतं आणि मलाही.

आता पंचाईत अशी की मुलीचा बाप कन्यादानाला बसतो, तोही उपाशीपोटी. त्याने स्वयंपाक कसा करायचा? बाबांनी सगळं त्यांच्या सर्वांत जुन्या मदतनिसावर सोपवलं. मीठ सोडून! "विधींच्या मधे दोन मिनिटं उठून येईन आणि घालून जाईन," म्हणाले. आई म्हणाली, "आजच्या दिवस दुसऱ्याला घालू द्या." बाबांनी ऐकलं नाही.

वैशाखातलं ऊन. पुढच्या अंगणात मांडव, मागच्या अंगणात चर खणून पेटवलेली चुलाणं. मी मधल्या खोलीत गौरीहराशी बसले होते, पिवळी अष्टपुत्री नेसून, मुंडावळ्या बांधून. समोर अन्नपूर्णा. तिला अक्षता वाहायच्या, सौभाग्य मागायचं आणि मामा न्यायला येईपर्यंत जागचं हलायचं नाही. खिडकी मागच्या अंगणात उघडत होती. मी अक्षता वाहत होते, पण कान सगळे तिकडे.

अळूच्या भाजीचा वास आला. आमटीला चिंच पडली, तेही कळलं. मसालेभाताची फोडणी झाली, आधणाचं पाणी खदखदायला लागलं. आरोळी मात्र येईना.

पुढे मांडवात वरपक्ष वेळेआधी येऊन बसला होता. बाबा आणि आई मधुपर्काला बसलेले, नवऱ्यामुलाचे पाय ताम्हनात, बाबांच्या हातात पाण्याची झारी. संकल्प सोडलेला, त्यामुळे भटजी उठू देईनात. मुहूर्तांचा जुना राग नकळत निघाला असेल, असं मी पुढे गमतीने म्हणायची. तेवढ्यात मागून आवाज आला, "तांदूळ वैरू का?" आणि ते जुने मदतनीस म्हणाले, "थांब रे, काका येतील म्हणालेत." भातात मीठ पाण्याबरोबरच जायला हवं. नंतर घातलं तर ते दाण्यात शिरत नाही, वर वर राहतं. पाणी आटत होतं, मुहूर्त जवळ येत होता.

मी उठले. गौरीहरावरून नवरी उठत नाही, हे मला माहीत होतं. अपशकुन म्हणतात, तेही माहीत होतं. मुंडावळ्या मागे टाकल्या आणि मागच्या दाराने सरळ चुलाणांपाशी गेले. सोवळ्याचा प्रश्नच नव्हता, त्या घटकेला माझ्याइतकं सोवळ्यात तिथे कोणीच नव्हतं. मदतनीस नुसते बघत राहिले. "ताई, अगं तू..." एवढंच म्हणाले आणि मिठाची परात पुढे केली.

बाबांची मूठ मोठी, माझी लहान. पातेल्याकडे बघितलं, मूठ भरली, सोडली. पुन्हा भरली. हात थांबला तिथे थांबले. मग आमटी, मग अळू, मग बटाट्याची भाजी. सगळं झालं आणि मी काही ठरवायच्या आधीच तोंडातून निघालं, पुऱ्या आवाजात, "मीठ पडलं!"

मांडवातला गलका एकदम थांबला. आईने नंतर सांगितलं, बाबांच्या हातातली झारी तशीच तिरकी राहिली आणि नवऱ्यामुलाच्या पायांवर पाणी पडतच राहिलं. भटजींनी मंत्र दोनदा म्हटला तरी बाबांचं लक्ष नव्हतं. डोळे मात्र भरले होते.

मी वळले तर मागच्या दारात सासूबाई! मामाबरोबर मला न्यायला आलेल्या, गौरीहराशी पाट रिकामा बघून शोधत आलेल्या. माझ्या मिठाच्या हाताकडे त्यांनी बघितलं, पातेल्यांकडे बघितलं. वाटलं, संपलं सगळं, आता लग्न मोडतंय.

"गौरीहरावरून उठलीस," त्या म्हणाल्या. "आता निदान जेवण तरी अळणी व्हायला नको. हात धू आणि चल, मामा खोळंबलाय."

पंगती झाल्या. बाबा अजून उपाशीच होते, पण आधी पानांवरून फिरले. मी दुरून बघत होते. एका ओळीच्या शेवटापर्यंत गेले, दुसऱ्या ओळीने परत आले. मग पाटावर बसले आणि जेवले. मी सासरी निघताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि मी ओक्साबोक्शी रडले.

वर्षाच्या आतच बाबांनी हॉटेल काढलं, ठाण्यात. लोक म्हणाले, काकांनी बाजार ओळखला. बाजार कसला ओळखताहेत! माझं सासर तिथून हाकेच्या अंतरावर होतं. लेकीला मूल होईपर्यंत बाप तिच्या घरी पाणीही पीत नाही, म्हणून ते दाराशी उभे राहूनच सासूबाईंना म्हणाले, "विहीणबाई, रोज दोन्ही वेळा तासभर लेक द्याल का?"

"देईन," सासूबाई म्हणाल्या, "पण आधी आमच्या घरची आमटी, मग तुमची." माझ्या यजमानांना कोणी विचारलंसुद्धा नाही.

ते हॉटेल पुढे फार नावारूपाला आलं. विठ्ठलवाडीहून, डोंबिवलीहून माणसं मुद्दाम जेवायला यायची. तिथल्या टेबलांवर मीठ ठेवलेलं नसायचं, याची सगळीकडे चर्चा असे. पण मला आठवतो तो पहिला दिवस. आमटीचं मोठं पातेलं उकळत होतं. बाबांनी मिठाची परात माझ्यापुढे सरकवली. मी मीठ घातलं. आरोळी त्यांनीच द्यावी म्हणून मी त्यांच्याकडे बघितलं. बाबांनी आरोळी दिली, "मीठ पडलं!"

इथे नैवेद्याची अडचण नव्हती. मी पळीत थोडी आमटी घेऊन त्यांच्यापुढे धरली. "एकदा चाखून तरी बघा ना, बाबा."

"कशाला?" ते म्हणाले आणि दुसऱ्या चुलीकडे वळले.