शेरा: माहेरी गेली

आमच्या त्या संशोधनातून फारसं काही हाती लागलं नाही. एकच गोष्ट निघाली आणि तिचं श्रेय लोक अजून मला देतात. गरोदर बाईचं तपासणीचं कार्ड बाईबरोबरच राहायला हवं, ती माहेरी गेली तर कार्डही माहेरी जायला हवं, ही ती गोष्ट. कार्यशाळेत मला पुढच्या खुर्चीवर बसवतात आणि कुणीतरी हमखास विचारतं, "मॅडम, हे तुम्हाला सुचलं कसं?" मी म्हणते, "फिल्डवर फिरताना," आणि पाणी पिते. आता गुडघे गेलेत, आणि तेवढं उत्तर द्यायचाही कंटाळा येतो. मला सुचलं वगैरे काही नव्हतं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी शिकलेली नर्स, पण वॉर्डातली नोकरी सोडून या अभ्यासात आले, कारण रात्रपाळ्यांना विटले होते. रात्रपाळ्या सुटल्या आणि पायपीट मागे लागली. दिंडोरी तालुक्यातली सहा गावं माझ्याकडे होती. प्रत्येक गरोदर बाईच्या घरी महिन्यातून एकदा जायचं, वजन आणि बीपी घ्यायचं, पायावर सूज आहे का बघायचं, बाळंतपण कुठे आणि कोण करणार ते विचारायचं आणि सगळं कार्डावर उतरवायचं. बाळंतपणं घरीच का होतात, सुईण नेमकं काय करते, बाई दवाखान्यात उशिरा का पोचते, हे आम्हाला शोधायचं होतं. एका हातात रेक्झिनची पिशवी, तीत बीपीचं यंत्र, दुसऱ्या हातात वजनकाटा. पंचवटीतल्या खोलीतून सकाळी सातला निघायचं आणि द्राक्षबागांतल्या फवारणीचा वास केसांत घेऊन परतायचं. घरमालकीण जिन्यातच विचारायची, "काय हो, आज किती बाया मोजल्या?" मला ते झोंबायचं, कारण बाई खरंच बोलत होती.

कार्डांनी मला सुरुवातीला फार छळलं. एकीचं कार्ड लेकरानं चघळलं, एकीनं त्यावर चुलीवरचं गरम पातेलं टेकवलं, एकीचं लग्नाच्या गर्दीत कुठल्याशा पिशवीतून गेलं ते गेलंच. कार्ड गेलं की नोंदी जायच्या आणि आमचे प्रमुख डॉक्टर माझ्यावर डाफरायचे. मग मी घरोघर भिंतीत एक खिळा ठोकून घेतला आणि दम भरला: कार्ड या खिळ्यावरच राहील, घराबाहेर न्यायचं नाही, हरवलं तर गाठ माझ्याशी आहे. बायका तोंडाला पदर लावून हसायच्या, पण ऐकायच्या. त्यानंतर एकही कार्ड हरवलं नाही. डॉक्टरांनी बैठकीत माझ्या खिळ्यांचं कौतुक केलं आणि मी चांगली फुगले.

ओढ्यापलीकडच्या एका घरात नवी सून होती. वीस-एकवीस वर्षांची, पहिलटकरीण, माहेर पेठकडच्या डोंगरातलं. बोलायची कमी, पण मी पिशवी उघडली की आपणहून हात पुढे करायची. यंत्राचा पट्टा दंडावर फुगायला लागला की तिला हसू यायचं आणि ते दाबताना ती लाल व्हायची. सातव्या महिन्यात तिचं बीपी चढलेलं निघालं. पुन्हा घेतलं तरी तेवढंच. पायावर बोट दाबलं तर खळगा तसाच राहिला. मी तिला आणि सासूला समोर बसवून सांगितलं, हे साधं नाही. डोकं दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर घरी थांबायचं नाही. झटके येतात, आई आणि मूल दोन्ही हातचं जातं. गुरुवारी तालुक्याच्या दवाखान्यात या, मी तिथे असेन.

गुरुवारी दुपारपर्यंत मी तिथल्या बाकड्यावर बसून राहिले. कोणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी चिडूनच तिच्या घरी गेले, तर सासू दारात मेथी निवडत होती.

"अवं, तिचा बाप आला व्हता न्यायला. वटी भरली आन् मंगळवारीच गेली. पहिलं हाय ना, माहेरालाच व्हनार."

"दवाखान्याचं सांगितलं का त्यांना?"

"सांगितलं की. तिकडं बी नर्सबाई येती म्हनला." मग ती आत जाऊन कार्ड घेऊन आली. "हे घ्या तुमचं. खिळ्यावरच ठिवून गेली बघा."

मी कार्ड घेतलं. बाई आमच्या सहा गावांच्या हद्दीबाहेर गेली की ती अभ्यासातून बाद आणि कार्ड ऑफिसात जमा, असा नियमच होता. शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं, 'माहेरी गेली'. आणि खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. ते घर सगळ्यात टोकाला होतं. चला, एक घर कमी झालं, असं मनात आलं. ते मी कुठल्याही कार्यशाळेत सांगितलेलं नाही.

अडीच महिन्यांनी ऑफिसात गठ्ठे लावताना तिचं कार्ड हातात आलं. दिवस भरून गेले होते. त्याच्या खालीवर 'माहेरी गेली' असा शेरा असलेली कार्डं होती, जवळपास सगळी पहिलटकरणींची, सगळी माझ्या अक्षरात. ज्यांची काळजी सगळ्यात जास्त घ्यायची, त्याच आमच्या हिशेबातून निसटत होत्या. मी गठ्ठा डॉक्टरांपुढे ठेवला. ते म्हणाले, "हद्दीबाहेरच्या केसेस आपण घेतच नाही, हे पहिल्या पानावर लिहिलंय." माणूस वाईट नव्हता. तेही माझ्यासारखेच थकलेले होते.

रविवारी मी सासूकडून गावाचं नाव विचारून घेतलं आणि पेठकडची बस धरली. फाट्यावर उतरून तासभर चढ चढले. घर सापडलं. ती आत भिंतीला टेकून बसली होती, चेहरा पिवळा पडलेला. घरात झोळी बांधलेली नव्हती. मला विचारावं लागलं नाही.

तिची आई बाहेर आली. "तुमीच का त्या यंत्रवाल्या बाई?" एवढंच तिनं विचारलं. शेजारची म्हातारी सुईण मला बघून ओट्यावर येऊन बसली होती, तिनंच पुढचं सांगितलं.

"पोरीचं तोंड सुजलं व्हतं. म्या म्हनले, ही सूज बरी नाय, दवाखान्यात न्या. हितली नर्स आली, ती म्हनं हिचं नाव सासरच्या यादीत हाय, कार्ड दाखव. पोरगी म्हनली, कार्ड घरीच ठिवायचं असतं. मंग नर्स गेली निघून. म्या रोज सांगायची, आगं चल. ही म्हनायची, माझी बाई दर म्हयन्याला येती, चुकत नाय. ती यंत्र लावून सांगंल तवा जाऊ."

नर्स येऊन गेल्यावर पंधरा दिवसांनी तिला झटके आले. जीप मिळवून नाशिकला नेईपर्यंत मूल पोटातच गेलं होतं. ती वाचली.

आमच्या फॉर्मवर एक प्रश्न होता, सुईण प्रशिक्षित आहे का. या म्हातारीसाठी मला 'नाही' असं लिहावं लागलं असतं. तिनं नुसत्या नजरेनं जे ओळखलं, ते मी यंत्रानं ओळखलं होतं. ती रोज सांगत राहिली आणि मी शेरा लिहून मोकळी झाले.

"पंधरा दिस वाटंकडं डोळं लावून बसली पोरगी," तिची आई म्हणाली. "लेकरू गेलं तिचं. आता कशाला आल्या तुमी?"

रडू येत होतं, पण त्या ओट्यावर रडायचा मला काय हक्क होता? मी चप्पल काढून आत गेले आणि तिच्यासमोर बसले. ती माझ्याकडे बघत होती. रागानं बघितलं असतं तर मला सोसलं असतं.

"ताई," ती म्हणाली, "तवा बस मिळाली नाय का तुम्हाला?"

तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी निघालेच नव्हते, हे तिच्या मनातही आलेलं नव्हतं.

"नाही मिळाली," मी म्हणाले.

तिनं मान हलवली आणि दाराकडे वळून आईला म्हणाली, "बघ, म्या सांगत नव्हते? एकच गाडी येती हिकडं, ती बी भरून. त्या तरी काय करतील?"